विम्याचे कमिशन आणि व्यवस्थापकाचा हिशेब

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्हा भावंडांचे वडिलोपार्जित गोदाम व गाळे आहेत. आम्ही नोकरीनिमित्त बाहेर असल्याने भाडेवसुली, दुरुस्ती आणि विमा हे सारे तेथील एक गृहस्थ ठरलेल्या मोबदल्यावर पाहतात. यंदा विम्याचा हप्ता बराच वाढला, पण पॉलिसीची प्रत आम्हाला मिळाली नाही. एजंटाच्या कमिशनमधून त्यांना वाटा मिळतो, असे कळल्यावर विचारले, तेव्हा "कमिशन कंपनी देते, तुमच्या खिशातून काय जाते?" असे उत्तर आले. त्यातील निम्मा वाटा आम्ही मागावा काय?
– एक वाचक

उत्तर : वाटा मुळीच मागू नका. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४१ नुसार विम्यासाठी कमिशनमधून सूट देणे जसे निषिद्ध आहे, तसेच विमेदाराने ती घेणेही. त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ४० प्रमाणे विमा मिळवून दिल्याचा मोबदला अधिकृत एजंट किंवा मध्यस्थ यांनाच देता येतो. तेव्हा आपले गृहस्थ तसे अधिकृत नसतील, तर त्यांचा वाटाच मुळात गैर आहे.

"कंपनी देते" हे उत्तर मला पटत नाही. कंपनी कमिशन देते ते आपण भरलेल्या हप्त्यातूनच, आणि हप्ता जितका मोठा तितके कमिशन अधिक. म्हणजे ज्याने आपला खर्च आवरायचा, त्याचाच फायदा खर्च वाढण्यात आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१३ नुसार मालकाने मागितल्यावर प्रतिनिधीने हिशेब दिलाच पाहिजे. म्हणून सर्व भावंडांच्या सहीचे पत्र देऊन पॉलिसी, पावती आणि एजंटाचा कोड क्रमांक मागा.

पॉलिसी हाती आली की विमा रकमेत जागेची किंमत धरली आहे का, हे आधी पाहा, कारण आगीत बांधकाम जाते, जमीन जात नाही. गोदामातील कापूस-सोयाबीन भाडेकरूचे असेल, तर त्या मालाचा हप्ता आपल्या माथी का, हेही विचारा. एका ठिकाणच्या मालमत्तेचे मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांत सारख्या असल्याने दोन-तीन कंपन्यांचे दर थेट ताडून पाहता येतात.

यापुढे हप्ता स्वतःच्या खात्यातून थेट कंपनीकडे भरा. विमा अधिनियमाच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही, त्यामुळे मधल्या हाती रोख रक्कम राहिली, तर तितके दिवस गोदाम विम्याविना राहते. त्या गृहस्थांचा मोबदला खरोखर अपुरा असेल, तर तो लेखी करारात उघडपणे वाढवून द्या.