वाचकांचे प्रश्न : ५६ म्हणजे लोहच का?

प्रश्न : हवेतला एकेक कण लेसरने फोडून त्याच्या आयनांचं वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणात आम्हाला ५६ या वस्तुमानावर ठळक पीक (आलेखातला उंचवटा) मिळतंय. त्याला लोह म्हणावं का? आणि पीक जितकं उंच, तितकं लोह जास्त, असं धरावं का?

उत्तर : घाई नको. कॅल्शियम ऑक्साइडचा आयनही नेमका ५६ वरच येतो (४० अधिक १६), आणि मातीच्या धुळीत कॅल्शियमला तोटा नसतो. आधी ४० पाहा. तिथे मोठं पीक असेल आणि जोडीला ५७ वर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचाही आयन असेल, तर ५६ लोहाच्या खात्यात टाकू नका. मग ५४ तपासा. लोहाचं हे समस्थानिक ५६ च्या साधारण ६ टक्के भरतं. एका कणाच्या स्पेक्ट्रममध्ये एवढंसं पीक गोंगाटात बुडून जातं, म्हणून एकाच प्रकारच्या शे-दोनशे कणांची सरासरी काढून बघा. ५६ चं पीक वरून सपाट कापल्यासारखं दिसत असेल, तर डिटेक्टर संपृक्त झालाय, म्हणजे त्याची मोजायची मर्यादा संपलीय. तिथलं गुणोत्तर निरर्थक.

उंचीवरून प्रमाण तर मुळीच ठरवू नका. २६६ नॅनोमीटरचा लेसर झोत मध्यभागी तीव्र आणि कडेला मंद असतो. कण कुठे सापडला त्यावर संकेत बदलतो. शिवाय पोटॅशियमचं आयनीभवन ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये होतं, लोहाला ७.९ लागतात. त्यामुळे चिमूटभर पोटॅशियमही लोहाला झाकून टाकतं. वजनी प्रमाण हवंच असेल, तर शेजारी कण गोळा करणारा फिल्टर लावून त्यावरच्या मोजमापाशी पडताळा. हवा दमट असेल तर आधी ड्रायरमधून न्या, नाहीतर ऋण आयन दिसेनासे होतात. आकार हळूहळू चुकीचे येऊ लागले, तर प्रवेशछिद्रात कचरा अडकलाय का ते आधी बघा आणि ठरावीक व्यासाच्या पॉलिस्टायरीन गोळ्यांनी पुन्हा अंशांकन करा.

प्रश्न : माल्डीवर (नमुना मॅट्रिक्स नावाच्या पदार्थात मिसळून लेसरने आयन करणारं वस्तुमानमापक) अँजिओटेन्सिन-२ हे पेप्टाइड लावलं. १०४६.५ सोबत १०६८.५ आणि १०८४.५ अशी दोन जादा पीकं का?

उत्तर : पेप्टाइड तेच आहे. एका प्रोटॉनच्या जागी सोडियम बसला की २२ ची वाढ, पोटॅशियम बसला की ३८ ची. हे क्षार बफरमधून (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातून) येतात, काचेच्या बाटलीतूनही. म्हणून द्रावणं प्लास्टिकच्या नळ्यांत ठेवा. मॅट्रिक्स सीएचसीए (पाण्यात फारसं न विरघळणारं) असेल तर वाळलेल्या ठिपक्यावर ०.१ टक्का ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्लाचं बर्फगार पाणी १-२ मायक्रोलिटर टाका आणि पाच-दहा सेकंदांत ओढून घ्या. स्फटिक जागेवर राहतात, क्षार जातात. डीएचबी या दुसऱ्या मॅट्रिक्सवर हा प्रयोग केलात तर ठिपकाच विरघळेल. लेसरची ताकद पीक दिसू लागेल तिथून जेमतेम थोडी वर ठेवा. जास्त वाढवली की पीकं रुंदावतात आणि शेजारचे समस्थानिक वेगळे दिसेनासे होतात.