वाचक विचारतात: अस्तित्ववाद, कर्जाचे हप्ते आणि सार्त्र

प्रश्न: अस्तित्ववाद म्हणजे आयुष्याला काही अर्थच नाही असं म्हणणारं तत्त्वज्ञान ना? मग ही मंडळी सकाळी उठायची तरी कशाला? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

उत्तर: खवचटपणे विचारलं असतंत तरी चाललं असतं, अस्तित्ववादाचा गाजलेला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र, त्याने यापेक्षा बरंच वाईट ऐकून घेतलंय. ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसला त्याने एक जाहीर व्याख्यान दिलं, तेच मुळी असल्या आरोपांना उत्तर म्हणून. एका बाजूने कम्युनिस्ट म्हणत होते की तुम्ही माणसाला हातपाय गाळायला लावता, दुसऱ्या बाजूने कॅथलिक म्हणत होते की तुम्हाला माणसातलं फक्त घाणेरडं तेवढं दिसतं. दोघांचं एकमत होणं ही केवढी दुर्मिळ गोष्ट!

त्याचं म्हणणं साधारण असं, की कागद कापायची सुरी घ्या, ती कशासाठी हे बनवणाऱ्याच्या डोक्यात आधी ठरतं आणि मग ती बनते. पण देव नाही असं धरलं तर माणसाचा आराखडा कोणाच्या डोक्यात असणार? आपण आधी जगात येऊन पडतो, मग जे काही करत जातो त्यातून आपण कोण ते ठरत जातं. 'अस्तित्व आधी, सत्त्व (म्हणजे आपण काय आहोत ते) नंतर' म्हणतात ते हेच. म्हणजे रेडिमेड अर्थ मिळत नाही, एवढाच दावा आहे. निरर्थकतेवर खरा भर दिला तो फ्रेंच लेखक काम्यूने, आणि तो तर मला अस्तित्ववादी म्हणू नका असं सांगून दमला. त्याचं सिसिफसवरचं (ग्रीक पुराणकथेतला, तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलत राहणारा) १९४२ चं पुस्तक सुरूच होतं ते आत्महत्या करावी का या प्रश्नाने, आणि उत्तर 'नाही' असं आहे.

प्रश्न: सार्त्र म्हणतो माणूस पूर्ण स्वतंत्र आहे. मला हे पोट भरलेल्या लोकांचं बोलणं वाटतं. डोक्यावर कर्ज, आई आजारी, नोकरी नकोशी झालीये पण सोडता येत नाही. कुठंय स्वातंत्र्य?

उत्तर: तुमचा राग रास्त आहे, पण पूर्ण नाही. आपण कुठं, कोणाच्या पोटी जन्मलो, शरीर कसं मिळालं, आजवर काय घडलं, हे कोणी निवडत नाही हे त्यालाही मान्यच होतं. त्याचा मुद्दा पुढचा आहे. त्याच व्याख्यानात तो आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. मोठा भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, बाप शत्रूशी जुळवून घेण्याच्या बेतात, आईला या पोराशिवाय कोणी नाही. इंग्लंडला जाऊन जर्मनांशी लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत सामील होऊ की आईजवळ राहू? नीतीची पुस्तकं काही कामाची नाहीत, शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणतात, पण इथं शेजारी कोण, आई की लढणारे सोबती? सार्त्र त्याला म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, निवड कर. याला काय सल्ला म्हणायचा, असं मलाही वाटलं होतं, पण त्यात एक बारीक निरीक्षण आहे: सल्ला मागायला आपण कोणाकडे जातो तिथंच निम्मी निवड झालेली असते. पाद्र्याकडे गेलात तरी कोणत्या पाद्र्याकडे हे तुम्हीच ठरवता. (तुम्ही हे एका सदराला विचारलंत, त्यावरूनही काहीतरी कळतंच.)

तर 'सोडता येत नाही' याच्या आत 'आईला वाऱ्यावर सोडायचं नाही असं मी ठरवलंय' हे दडलेलं असू शकतं. पगार तोच, हप्ताही तोच, पण दुसऱ्या वाक्यात तुम्ही आहात. पहिल्याला तो आत्मवंचना म्हणतो. १९४३ च्या त्याच्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या जाडजूड ग्रंथात कॅफेतला वेटर येतो तो यासाठीच: हालचाली जरा जास्तच चटपटीत, गिऱ्हाइकाकडे जरा जास्तच लगबगीने वाकणारा, दोरीवर चालणाऱ्यासारखा ट्रे तोलत फिरणारा, जणू तो जन्मालाच वेटर म्हणून आलाय. भूमिका करता करता आपण निव्वळ भूमिका आहोत असं स्वतःला पटवणं, सोयीचं असतं ते, कारण मग काही ठरवावंच लागत नाही.

आता तुमच्या रागातलं खरं. सार्त्रची सहचरी आणि स्वतः तत्त्वज्ञ असलेल्या सिमोन द बोव्हारने हाच वाद त्याच्याशी घातला होता, की जनानखान्यात कोंडलेल्या बाईला कसलं आलंय स्वातंत्र्य? तो म्हणाला, तेही आयुष्य वेगवेगळ्या तऱ्हांनी जगता येतं. तिला ते पटलं नाही, आणि माझ्या मते तिचंच बरोबर होतं. १९४९ च्या 'द सेकंड सेक्स'मध्ये तिने दाखवलंच, की काहींच्या वाटा जन्मापासून पद्धतशीरपणे बुजवल्या जातात, आणि तिथं निवडीच्या गप्पा मारायच्या तर बुजवणाऱ्यांनाही धरावं लागतं. पुढे १९६९ मधल्या एका मुलाखतीत सार्त्र स्वतःच्या अशाच जुन्या विधानाबद्दल म्हणाला, की मी हे खरंच मानत होतो यावर विश्वास बसत नाही.

प्रश्न: देव मानणारा माणूस अस्तित्ववादी असू शकतो का?

उत्तर: आरामात. ज्याच्यापासून ही गोष्ट सुरू झाली असं म्हणतात तो एकोणिसाव्या शतकातला कोपनहेगनचा तत्त्वज्ञ किर्केगार्ड पक्का ख्रिस्ती होता, फक्त चर्चच्या गुळगुळीत श्रद्धेवर त्याचा राग. श्रद्धा म्हणजे पुरावा नसताना मारलेली उडी, आणि ती दुसरं कोणी आपल्यासाठी मारू शकत नाही. आपण काहीही करू शकतो हे कळल्यावर जी चक्कर येते तिलाच तो चिंता म्हणतो, हे त्याने १८४४ मध्येच लिहून ठेवलंय. फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल तर कॅथलिक.

प्रश्न: सुरुवात कुठून करू?

उत्तर: 'बीइंग अँड नथिंगनेस'पासून तर अजिबात नको, शंभर पानांत माणूस गळतो. ते १९४५ चं व्याख्यान छोटं आहे, एका बैठकीत होतं, ते आधी घ्या, मग बोव्हार. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर सगळ्यात शेवटी, आणि १९३३ मध्ये तो नाझी पक्षात गेला होता हे माहीत असूनच वाचा.