न बोलणारे नोप्पोसान: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मी सेलूकडच्या एका गावात अंगणवाडीत आहे. मोबाईलवर एक जुना जपानी व्हिडिओ बघण्यात आला. उंचपुरा माणूस, डोक्यावर मऊ टोपी, एक शब्द बोलत नाही आणि पुठ्ठा कापून कायबाय बनवायलाय, बाजूला एक तपकिरी गुबगुबीत प्राणी मधेमधे लुडबुड करायलाय. भाषा कळत नसून आमची लेकरं शेवटपर्यंत बघत बसली. हा माणूस कोण? मुका होता का?

उत्तर: ताई, मुके नव्हते, चांगले बोलके होते! ते नोप्पोसान. नोप्पो म्हणजे आपल्याकडं पोरं लंबू म्हणतात ना तसलं टोपणनाव, उंची 181 सेंटिमीटर होती म्हणून. आडनाव ताकामी, जन्म 10 मे 1934, क्योटोचा. वडील रंगमंचावरचे कलाकार, त्यामुळं घरातच स्टेजचं वातावरण, आणि नोप्पोसानचं सगळं वेड अमेरिकेच्या फ्रेड अस्टेअर या नाचणाऱ्या नटावर, तो टॅप डान्स, म्हणजे बुटांचा ठेका वाजवत नाच, करायचा तसं आपल्याला जमलं पाहिजे हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्या व्हिडिओत ते चालतात, वळतात, नुसती कात्री उचलतात तरी बघत राहावं वाटतं ना, ते नाचणाऱ्याचं अंग आहे म्हणून.

एनएचके म्हणजे जपानची सरकारी नाही पण सार्वजनिक वाहिनी, तिचं शिक्षणासाठी वेगळं चॅनल आहे. तिथं 1966 ला 'नानी शिते आसोबो' नावाचा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला त्यात हे होते, आणि मग 1970 पासून 'देकिरु काना', तुम्ही बघितला तो बहुतेक हाच, तो 1990 पर्यंत चालला. मधला थोडा काळ सोडला तर वीस वर्षांच्या वर हा माणूस पडद्यावर गप्प होता. बोलायचं काम पडद्यामागच्या बाईंच्या आवाजाचं. तपकिरी प्राणी म्हणजे गोंताकुन, तो पण नुसते फुसफुस आवाज काढायचा, हट्ट करायचा, रुसायचा, बनवलेली वस्तू आधी मलाच पाहिजे म्हणायचा. म्हणजे बघा, खरं लेकरू तर तोच होता, आणि नोप्पोसान त्याच्यावर कधी खेकसत नाहीत, त्याला बाजूला ढकलत नाहीत, त्याला धरूनच काम पुढं नेतात. मला विचाराल तर कार्यक्रमाचा जीव तिथंच आहे, पुठ्ठ्यात नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो, त्यांनीच मुलाखतींत सांगितलेलं आहे की हाताचं काम त्यांना मुळात फारसं जमायचं नाही, वस्तू कशा बनवायच्या ते दुसरे जाणकार ठरवून द्यायचे. तरी अख्ख्या जपानची एक पिढी त्यांच्याकडं बघून कापायला चिकटवायला शिकली.

प्रश्न: शेवटच्या भागात ते बोलले असं ऐकलं. खरं आहे का? आणि पुढं काय झालं त्यांचं? (निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर: खरं आहे गुरुजी. मार्च 1990 ला कार्यक्रम बंद झाला, तेव्हा शेवटच्या भागात नोप्पोसाननी कॅमेऱ्याकडं बघून तोंड उघडलं, आणि पहिलं वाक्य साधारण असं की "अरेरे, बोललो बघा". जी लेकरं त्यांना बघत मोठी झाली त्यांना तोवर वाटायचं या माणसाला बोलताच येत नाही, कित्येकांच्या घरात तेव्हा हा धक्काच बसला असणार. मला तो निर्णय फार आवडतो. एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट मोडायची तर ती निरोप घ्यायलाच मोडली, कुठल्या जाहिरातीसाठी नाही.

पुढं ते रिकामे बसले नाहीत. तसं बी ते आधीपासून मुलांच्या कार्यक्रमांचं लेखन करायचे, मग चित्रांची पुस्तकं लिहिली, लेख लिहिले, आणि सत्तरी ओलांडल्यावर एनएचकेच्याच गाण्यांच्या कार्यक्रमात 'ग्रासहॉपर मोनोगातारी' हे गाणं स्वतः लिहून, स्वतः गाऊन, वर नाचून दाखवलं. त्यात एक म्हातारा नाकतोडा छोट्यांना म्हणतोय की उडी मारा. लहान मुलांना ते 'छोटी माणसं' म्हणायचे, त्यांचं म्हणणं असं की पाच वर्षांच्याला सगळं कळतं, मोठ्यांनी त्याला कमी लेखू नये, स्वतःचं त्या वयातलं त्यांना लख्ख आठवायचं.

10 सप्टेंबर 2022 ला हृदय बंद पडून ते गेले, 88 वर्षांचे होते. लगेच कुणाला सांगू नका अशी त्यांचीच इच्छा होती, म्हणून बातमी बाहेर आली ती 10 मे 2023 ला, त्यांच्या वाढदिवशी.

प्रश्न: (सेलूच्या ताईंचाच दुसरा) असं आमच्या अंगणवाडीत जमंल का? सामान नाही, पैसे नाहीत, आणि मला चित्र पण नीट काढता येत नाही.

उत्तर: जमंल ताई, आणि चित्र न येण्याचं तर मनावर घेऊच नका, वर सांगितलं ना. सामानाचं म्हणाल तर मराठवाड्यात ज्वारीची चिपाडं असताना काय कमी आहे? साल सोलायची, आतला मऊ गाभा वेगळा काढायचा, सालीच्या काड्या त्या गाभ्यात खुपसायच्या की बैलगाडी तयार, चष्मा तयार, तुमच्या आजीनं केलेलं असंल हे. फक्त साल लई धारदार असते, बोट कापतं, ते सोलायचं काम तुम्ही स्वतः करा, लेकरांच्या हातात गाभा आणि बोथट काड्याच द्या. पोळ्याच्या आधी काळी माती आहेच. रिकाम्या काडेपेट्या, किराणा दुकानातले खोके, जुने पेपर. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तकं नेटवर फुकट आहेत, मराठीत पण आहेत, ती उतरवून घ्या.

पण खरी अडचण सामानाची नाही, बोलण्याची आहे, आणि हे मी कळवळून लिहितोय. आपण लेकराच्या हातात कात्री दिली की सुरू होतो, असं नको धरू, इकडून काप, वाकडं झालं बघ, दे इकडं मी करते. संपलं, ते लेकरू हात मागं घेतं. तुम्ही एक करून बघा, आठवड्यातला एक दिवस ठरवा, सगळ्यांना दिसंल असं मधोमध बसा आणि एक अक्षर न बोलता सावकाश वस्तू बनवा. चुकलं तर चुकू द्या, ते पण दिसू द्या, उलगडून परत करा. मदतनीस ताईंना हवं तर गोष्ट सांगितल्यासारखं बोलू द्या. एखादं पोरगं मधे घुसंल, ओढंल, त्याला गोंताकुन समजा आणि त्याच्याच हातात पुढची काडी द्या. मग सामान मधे ठेवून तुम्ही बाजूला व्हा. कुणाची गाडी बैलाविना राहील, कुणी चष्म्याला चार काचा लावंल, लावू द्या. आणि बनवलेलं त्याच दिवशी घरी नेऊ द्या, पाहणीला साहेब येणार म्हणून कपाटात ठेवून देऊ नका.