नदीच्या आकड्याची जबाबदारी घ्यायची असेल तर

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नद्या-तलावांच्या आरोग्याची शास्त्रीय पाहणी करणाऱ्या चमूचं पुढे नेतृत्व करायचं आहे. सगळे म्हणतात, रसायनशास्त्राकडे वळ, उपकरणं शीक, नाहीतर बाटल्या भरण्यातच आयुष्य जाईल. काय करू? पीएच.डी. लागतेच का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाटली भरण्याला कमी लेखू नकोस. नंतर प्रयोगशाळेत दुरुस्त न होणाऱ्या चुका तिथेच होतात, आणि प्रमुखाला त्या नोंदवहीवरून ओळखता याव्या लागतात. विरघळलेल्या ऑक्सिजनचंच घे. रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची 1888 सालची पद्धत प्रोबचं, म्हणजे पाण्यात बुडवून ऑक्सिजन मोजायच्या उपकरणाचं, रीडिंग पडताळायला आजही वापरतात. 300 मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. मग सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून किती लागलं त्यावरून ऑक्सिजन काढायचा. बुचाखाली हवेचा बुडबुडा राहिला, तर ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात आकडा फुगतो. म्हणजे नेमकी आजारी नदी कागदावर बरी दिसते!

वेळेचंही तसंच. 20 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना सुमारे 7.6. त्यात शेवाळ दिवसभर ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर श्वसन करतं, त्यामुळे पातळी पहाटे तळाला जाते. एका महिन्यात सकाळी सहाला आणि पुढच्या महिन्यात दुपारी तीनला नमुना घेतला, तर दिसलेली 'सुधारणा' नदीची नसून घड्याळाची असते. वेळ ठरवणं आणि ती पाळून घेणं, हे प्रमुखाचं काम.

आता तुझ्या विषयाबद्दल. प्राणिशास्त्र सोडू नकोस, असं मी ठामपणे सांगेन. पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणाचं सांगतो. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं, पण दगडाखालच्या अळ्या तिथे कित्येक आठवडे, महिने राहत असतात. त्यांच्यासाठी साधं जाळं पुरतं. जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे धरायचं, त्याच्या वरच्या बाजूचा तळ पायाने तीन मिनिटं ढवळायचा आणि जाळ्यात आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. खरी कसोटी पुढे आहे. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे पाण्यात अळ्या वाढणारे कीटक. मेफ्लायला तीन शेपट्या आणि स्टोनफ्लायला दोन, एवढंच पाठ केलंस तर फसशील, कारण काही मेफ्लायनाही दोनच असतात आणि चिमट्यात शेपट्या तुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली पायाचं टोक बघ. मेफ्लायच्या अळीला प्रत्येक पायावर एक नखी असते, स्टोनफ्लायच्या अळीला दोन. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडांवर दिसतात. प्रोब चालवणारे पुष्कळ मिळतात. कुळापर्यंत खात्रीने ओळख पटवणारे फार थोडे.

प्रदूषण किती सोसतात यावरून जीवांच्या कुळांना 1 ते 10 गुण देणाऱ्या पद्धतीही शीक, पण त्या ज्या प्रदेशासाठी तयार झाल्या तिथल्याच जीवांवर बेतलेल्या असतात. दुसरीकडे जशाच्या तशा लावल्या तर निष्कर्ष चुकतो.

पदव्युत्तर शिक्षण गोड्या पाण्याच्या परिसंस्थांचं किंवा सरोवरशास्त्राचं घे. अभ्यासक्रमात जलरसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही आहेत ना, ते आधी बघ. त्यातही संख्याशास्त्र टाळू नकोस. 'मोजता येण्याच्या मर्यादेखाली' आलेल्या नोंदींच्या जागी शून्य टाकून सरासरी काढणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक प्रवाह न मोजण्याची. पुरात नायट्रेटचं प्रमाण निम्म्यावर आलं पण प्रवाह दहापट झाला, तर वाहून गेलेलं नायट्रेट पाचपट असतं.

पीएच.डी. संशोधन संस्थेत जायचं असेल किंवा नव्या पद्धती उभ्या करायच्या असतील तरच हवी. नियमित देखरेखीच्या कामात क्षेत्र, प्रयोगशाळा आणि अहवाल या तिन्ही ठिकाणी हात बसलेला असणं जास्त उपयोगी पडतं. नोकरी निवडताना आयएसओ/आयईसी 17025 (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मानांकन असलेली प्रयोगशाळा मिळाली तर घे. तिथे प्रत्येक आकड्याचा माग ठेवायची सवय लागते.

प्रमुख झाल्यावर आधी प्रश्न ठरवायचा, मग ठिकाणं. कारखान्याचा परिणाम बघायचा तर फक्त खालच्या बाजूचे नमुने काही सिद्ध करत नाहीत. वरच्या बाजूचेही हवेत, आणि जमल्यास कारखाना सुरू होण्याआधीचे. साधारण दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना घ्यायचा. शिवाय शुद्ध पाण्याची एक बाटली क्षेत्रावर नेऊन, तिथे उघडून, इतर नमुन्यांसारखीच हाताळून परत आणायची. तिच्यात फॉस्फेट निघालं तर आधी बाटल्या धुण्याच्या साबणावर संशय घे. आणि पाणी चढलं असेल तर फेरी रद्द करायचा निर्णयही तुझाच असेल. तो घेताना कचरू नकोस.

या वर्षी एवढं कर. एक ओढा निवड, बारा महिने ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जा. तापमान, विद्युतवाहकता, ऑक्सिजन आणि जाळ्यातले जीव नोंदव. कीटक अल्कोहोलमध्ये जपून ठेव. प्रत्येक कुपीत ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाक, शाई अल्कोहोलमध्ये पसरते. त्यातले दहा टक्के जीव जाणकाराकडून पुन्हा ओळखून घे, आणि कुठे चुकलीस तेही त्याच वहीत लिही. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांबरोबर ती वही ने.