माकडांच्या टोळीचं जाळं: रेघ किती जाड, हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवळाजवळच्या २२ बॉनेट माकडांच्या टोळीत तीन महिने ग्रूमिंगच्या (एकमेकांचे केस चाचपून साफ करण्याच्या) नोंदी घेतल्या, त्यांचं जाळं काढलं (प्रत्येक माकड एक ठिपका, जोडीत एक रेघ, ग्रूमिंग जितकं जास्त तितकी रेघ जाड) आणि एक म्हातारी मादी मधोमध आली. तिला टोळीची पुढारी म्हणावं का?

इतक्यात नको. आधी तिला किती मिनिटं पाहिलंय ते काढा. पायरीवर बसणारी मादी सतत नजरेसमोर असते, झाडावरची तरुण मादी निसटते. समजा, म्हातारीला ३०० मिनिटं पाहिलं, त्यात ग्रूमिंग ४५ मिनिटं. तरुणीला १०० मिनिटं, त्यात २०. बेरजेत म्हातारी पुढे, पण दर काढला तर १५ टक्के आणि २० टक्के, म्हणजे तरुणी पुढे. नुसत्या बेरजेवर रेघ काढली की तिच्या जाडीत तुमची हजेरीसुद्धा मोजली जाते. म्हणून जोडीतल्या ग्रूमिंगच्या मिनिटांना त्या दोघींच्या फोकल मिनिटांच्या (एकेकीवरच नजर ठेवून नोंद घेतलेल्या मिनिटांच्या) बेरजेने भागा.

पुढच्या खेपेला फोकल नोंद १० मिनिटांची ठेवा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि प्रत्येकाच्या वाट्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ सारखीच येऊ द्या. दुपारच्या विसाव्यात ग्रूमिंग जास्त चालतं, त्यामुळे जिला फक्त दुपारी पाहिलं ती उगाच मनमिळाऊ दिसते. कोण कोणाचं करतंय, हेही वेगळं लिहा. करून घेणारी आणि करणारी यांची बेरीज एकत्र केली तर हातची माहिती वाया जाते.

जवळ बसण्याच्या स्कॅन-नोंदी (ठरावीक वेळाने सगळ्या टोळीवर नजर फिरवून घेतलेल्या) असतील तर साधा गुणोत्तर निर्देशांक वापरा: जोडी जवळ दिसली ते स्कॅन भागिले दोघींपैकी कोणीही दिसली ते सगळे स्कॅन. क आणि ख दोन मीटरच्या आत १२ वेळा, दोघी दिसल्या पण लांब १८ वेळा, फक्त क ६ वेळा, फक्त ख ४ वेळा: १२ भागिले ४० म्हणजे ०.३०. भाविक केळी-चणे टाकत असतानाचे स्कॅन यातून वगळा. तेव्हा सगळी अन्नासाठी गोळा होतात आणि एकमेकींना टाळणाऱ्या माद्याही शेजारी येतात. शिवाय प्रत्येक जोडीचे स्कॅन किती, हे निर्देशांकाशेजारी लिहाच. ५ पैकी १ आणि १०० पैकी २० दोन्ही ०.२० येतात, पण पहिल्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्यात असावा तो पट्टा) जवळजवळ शून्यापासून ०.७ पर्यंत पसरतो, दुसऱ्याचा साधारण ०.१३ ते ०.२९.

सगळ्यात मोठा घात ओळखीच्या चुकीने होतो. अर्धवट वाढलेली दोन पिल्लं सारखी दिसतात, दोघांच्या नोंदी एकाच नावावर चढतात, आणि टोळीतल्या दोन गटांना जोडणारा एक खोटा पूल तयार होतो. बिटवीननेस (इतरांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांवर कोण किती वेळा येतं, तो आकडा) नेमकी अशाच पुलाला सर्वांत वर नेते. कानाची चीर, शेपटीचं टोक, चेहऱ्यावरचा व्रण यांचे फोटो लावून ओळखपत्रं करा. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचं न बघता नोंद घेऊन ताडून पाहा. ओळख पक्की नसेल तर नावाच्या जागी ‘अनोळखी’ लिहा, अंदाज लिहू नका. इतक्या लहान टोळीत मी स्ट्रेंग्थवरच (एका माकडाच्या सगळ्या रेघांच्या जाडीची बेरीज) थांबेन. बिटवीननेस हवीच असेल तर ध्यानात ठेवा, आयग्राफ (जाळ्यांचं गणित करणारं सॉफ्टवेअर) वजनाला, म्हणजे रेघेच्या जाडीला, अंतर समजतं. घट्ट नातं म्हणजे कमी अंतर व्हावं म्हणून वजन उलटं करून (१ भागिले वजन) द्या, नाहीतर सगळ्यात घट्ट जोड्याच सगळ्यात लांब धरल्या जातात.

जाळ्यातले आकडे एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे नेहमीचा रिग्रेशनचा (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणाऱ्या गणिताचा) पी-आकडा (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) इथे चालत नाही. मूळ नोंदींची अदलाबदल करण्याची पद्धत बेयडर आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मांडली, ‘सहवास यादृच्छिक आहे का’ हे तपासायला. तीच रिग्रेशनला लावली तर खोटे होकार फार येतात, हे वाइस आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये दाखवलं. वय आणि स्ट्रेंग्थ तपासताना नोडची, म्हणजे जाळ्यातल्या ठिपक्यांवरच्या माकडांच्या नावांची, अदलाबदल करा, तीही नरांची नरांत, माद्यांची माद्यांत. बॉनेट माकडांत नर टोळी सोडून जातात, माद्या जन्मटोळीतच राहतात. दोघांना मिसळलं तर वयाच्या नावाखाली हा फरकच मोजला जाईल.

आता तुमच्या म्हातारीसाठी एक सोपी तपासणी. सम तारखांच्या आणि विषम तारखांच्या नोंदी वेगळ्या करा, दर काढा, दोन्हींत स्ट्रेंग्थचा क्रम लावा. दोन्हीकडे ती वर राहिली तर ‘ग्रूमिंगमध्ये मध्यवर्ती’ असं बिनधास्त लिहा. पुढारीपणासाठी मात्र नोंदवहीत नवा रकाना लागेल: टोळी हलताना पहिली कोण उठली आणि पुढच्या १० मिनिटांत तिच्यामागे कोण कोण गेलं.