मॅकओएसवर व्हल्कन नाही, म्हणून मेटलमध्ये पुन्हा लिहावे का?

तुमचा रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्राम) व्हल्कनवर, म्हणजे ग्राफिक्स चिपशी बोलण्याच्या खुल्या, अनेक प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या प्रमाणित इंटरफेसवर लिहिलेला असून विंडोज आणि लिनक्सवर नीट चालतो. मॅकओएसमध्ये व्हल्कन नसल्यामुळे तो मेटलमध्ये, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या ग्राफिक्स इंटरफेसमध्ये, पुन्हा लिहावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते इतक्यात लिहू नये.

मुळात व्हल्कन विंडोजही स्वतः पुरवत नाही. तिथे एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल ते आपापल्या ड्रायव्हरसोबत देतात. मॅकवर ग्राफिक्स ड्रायव्हर ॲपलच्याच हातात असल्यामुळे ही वाट बंद आहे. कारण हार्डवेअरचे नाही, धोरणाचे आहे. ॲपलच्या मॅकवर लिनक्स चालवणाऱ्या ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाच्या हनीक्रिस्प ड्रायव्हरने २०२४ मध्ये ॲपलच्या एम१ चिपवरच व्हल्कन १.३ ची अधिकृत चाचणी पार केली. ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स इंटरफेसकडे वळण्यात तर अर्थच नाही, कारण मॅकवर ते ४.१ वरच थांबले आणि २०१८ मध्ये मॅकओएसच्या मोजावे आवृत्तीपासून ॲपलने ते कालबाह्य ठरवले.

राहता राहिला मोल्टनव्हीके. हा मुक्तस्रोत थर व्हल्कनचे कॉल मेटलच्या कॉलमध्ये आणि स्पिर-व्ही या व्हल्कनच्या स्वरूपातले शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) मेटलच्या शेडर भाषेत बदलतो. उपलब्ध ड्रायव्हर शोधून देणाऱ्या व्हल्कन लोडरच्या १.३.२१६ आवृत्तीपासून, इन्स्टन्स (प्रोग्रामची व्हल्कनशी पहिली जोडणी) बनवताना पोर्टेबिलिटी एन्युमरेशनचे एक्स्टेन्शन आणि त्याचा फ्लॅग दिला नाही, तर लोडर मोल्टनव्हीकेला विचारातच घेत नाही आणि ‘इनकम्पॅटिबल ड्रायव्हर’ ही एरर हाती येते. जुन्या ट्युटोरियलवरून उतरवलेला कोड हमखास इथे अडकतो आणि लोक उगाच ड्रायव्हर शोधत बसतात! पुढे डिव्हाइस (निवडलेल्या ग्राफिक्स चिपशी जोडणी) बनवताना पोर्टेबिलिटी सबसेटचे एक्स्टेन्शनही सुरू करावे लागते.

यानंतर वेळ खाते ते मेटलमध्ये नसलेल्या गोष्टींना पर्याय शोधणे. मेटलमध्ये जॉमेट्री शेडर (चित्र काढतानाच नवे आकार तयार करणारे) नाहीत, त्यामुळे ते काम कम्प्युट शेडरकडे (सर्वसाधारण गणना करणाऱ्यांकडे) न्यावे. ट्रायंगल फॅनही (एका सामाईक बिंदूभोवती पंख्यासारखे मांडलेले त्रिकोण) नाहीत, तेव्हा साधी त्रिकोणांची इंडेक्स यादी वापरावी, जी इतर प्लॅटफॉर्मवरही कुठे अडत नाही. शेडरचे रूपांतर पाइपलाइन (शेडर आणि चित्र काढण्याच्या सेटिंग्जचा एकत्रित संच) बनतानाच होते. म्हणून पाइपलाइन दृश्य लोड होतानाच बनवाव्यात आणि पाइपलाइन कॅशे डिस्कवर जपून ठेवावा, नाहीतर ऐन खेळात फ्रेम अडखळते.

लूनारजी या कंपनीने मेसा या मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हर प्रकल्पामध्ये उभारलेला कॉस्मिकक्रिस्प हा ॲपल सिलिकॉनसाठीचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठीचा, दुसरा पर्याय आहे, पण तोही मेटलवरच उभा आहे.

रेंडररचा स्वतंत्र मेटल बॅकएंड (थेट मेटलशी बोलणारा भाग) तेव्हाच लिहावा, जेव्हा मॅक किंवा आयफोन हेच तुमचे मुख्य गिऱ्हाईक असेल आणि मेटलएफएक्स (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणारी सोय) किंवा टाइल शेडरसारख्या (चित्राच्या छोट्या तुकड्यांवर काम करणारे शेडर) मेटलच्या खास सोयी थेट हव्या असतील.