घरी तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं?

"ताई, पोरीची अब्रू गेली की ओ. आता तिच्याशी बोलायचं तरी काय?" कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून भाचीला घेऊन आलेल्या मावशींनी बसता बसता विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लैंगिक अत्याचारानंतर घरच्यांना हा प्रश्न हमखास पडतो.

भाची शेजारीच बसली होती. "वाटोळं झालं", "तोंड दाखवायला जागा उरली नाही" असं मावशी रडत, मायेनंच बोलत होत्या. त्या बोलण्यात तो माणूस मात्र कुठेच नव्हता. गेलं ते हिचं, बिघडलं तेही हिचंच. ऐकता ऐकता भाची म्हणाली, "मी त्या वाटेनं जायलाच नको होतं."

मावशींना मी बाजूला घेतलं. "हिचं असं झालं" म्हणू नका. "त्यानं हिच्यावर बलात्कार केला" म्हणा. जड वाटेल, पण गुन्हा कुणाचा ते त्यात स्पष्ट आहे. तोही शब्द तिच्यासमोर सारखा नको. ती "त्या दिवशी" म्हणते ना, तुम्हीही तेवढंच म्हणा. "तू वाचलीस, आम्ही तुझ्याबरोबर आहोत" हे मात्र पुन्हा पुन्हा सांगा. सर्वोच्च न्यायालयानंही 2023 मध्ये न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढून स्त्रियांविषयीचे असे रुजलेले शब्द टाळायला सांगितलं. घरात तर ही काळजी आधी घ्यायला हवी.

पोलिसांत आडून बोलून चालत नाही. "वाईट वागला" एवढंच लिहिलं गेलं तर गुन्हाच पुसट होतो. इथं फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, ही मावशींची दुसरी धास्ती. ती वाचून दाखवणं बंधनकारक आहे. मराठीत समजल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मोफत मिळते ती घ्या. जबाब महिला अधिकारीच घेते, तोही तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, जवळचं माणूस सोबत ठेवून. तिचं नाव कुणी छापलं किंवा पसरवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणाऱ्यालाही हे लागू आहे.

"आणि उद्या स्थळ आलं तर?" मावशींनी विचारलं. कुणाला काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते भाची ठरवेल. तिला न विचारता तुम्ही कुणाकडे बोलू नका, सख्ख्या जावेकडेसुद्धा नाही.